तारकीची बेणणी

टाकीत कोपरापर्यंत हात घालून भार्गवी खातू शेवाळ उपटत होती आणि उपटता उपटता त्याला मनसोक्त शिव्या देत होती. सकाळचे सात वाजले होते. दहाला तिला कामावर पोचायचं होतं, आणि टाकीची डावी बाजू अजून तशीच होती. हिरव्या केसांचा गुंता चिमट्यात धरायचा, जुन्या टूथब्रशभोवती शेवयांसारखा गुंडाळायचा, हलक्या हातानं ओढायचा आणि बादलीत झटकायचा. काल तिनं याच कोपऱ्यातून असाच गुंता काढला होता. परवाही काढला होता.

"किती राहिलं गो?" खिडकीपाशी बसलेल्या बाबांनी विचारलं.

"राहिलं किती ते विचारू नकोस. उगवलं किती ते विचार."

बाबा म्हणजे सुहास खातू. रत्नागिरीच्या एका शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती, पण समोरची टाकी त्यांना तेव्हा धूसर का होईना, दिसत होती. त्या टाकीत होती तारकी. सगळा खटाटोप तिच्यासाठी होता.

तारकी हे पाण्यातलं रोप. पानं केसासारखी बारीक, चार बोटं लांब, एका गड्ड्यातून चहूबाजूंनी फुटलेली, टोकांना किंचित तांबूस झाक. वरून पाहिलं तर पाण्यात चांदणी पडल्यासारखी दिसे, म्हणून गावकऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. कार्तिकात तिला एकच दांडा यायचा, पाण्याबाहेर डोकं काढायचा आणि त्यावर मोहरीएवढं पांढरं फूल उमलायचं. साऱ्या जगात ती एकाच ठिकाणी होती. कावळटेंबाच्या सड्यावर, जांभ्या कातळाच्या पठारावरच्या एका बारमाही कुंडात. मग सड्यावर चिरेखाणी आल्या. सुहास खातूंनी अर्ज केले, मोर्चे काढले, खाणीच्या तोंडाशी धरणं धरलं, आणि हरले. कुंड फुटायच्या आदल्या दिवशी त्यांनी थर्मासमध्ये तीन रोपं घालून घरी आणली.

२०५० नंतरच्या त्या दशकात असं बरंच काही लोकांच्या घरात येऊन राहिलं होतं. सडे, पाणथळी, ओहोळ संपत चालले तशी सरकारनं पालक योजना काढली. रानातून नाहीशी झालेली वनस्पती आपल्या घरच्या टाकीत जगवायची, दरवर्षी तिचा फोटो पाठवायचा, फोटो पसंत पडला की दाखल्याचं नूतनीकरण व्हायचं. कुणाच्या घरात कमळाची एखादी जात, कुणाच्या बाल्कनीत नदीकाठचं नेचं. देशभरात असे चाळीसेक हजार पालक होते. तारकीच्या पालक भार्गवी सुहास खातू.

आणि तिचा शत्रू म्हणजे हे शेवाळ.

केसाळ शेवाळ पूर्वीही टाक्यांना त्रास द्यायचंच. पण पूर्वीचं शेवाळ ऐकायचं. दिवा कमी वेळ लावला, पाणी बदललं, माशांना बेतानं खाऊ घातलं की ते हटायचं. आताचं हे शेवाळ मुळात इंधनाच्या तेलासाठी बनवलेलं होतं. कुठल्याही पाण्यात तग धरावा म्हणून त्याच्या कर्त्यांनी त्यात एक गोष्ट सैल करून ठेवली होती. प्रत्येक सजीव पिढीमागून पिढी आपल्या जनुकांची नक्कल काढतो, आणि ती काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणारा एक तपासनीस त्याच्या पेशीतच बसलेला असतो. या तेलशेवाळातला तपासनीस मुद्दाम आळशी केलेला होता. त्यामुळे दर पिढीत ढीगभर चुका होत. बहुतेक चुका मरत, एखादी नव्या पाण्याला सोयीची निघे आणि फोफावे. ते शेवाळ तळ्यांतून नद्यांत आलं, नद्यांतून नळात. माणसाला त्यापासून काही अपाय नव्हता. फक्त ज्यांच्या घरी टाकी होती त्यांचं जिणं त्यानं हराम केलं होतं.

भार्गवीनं करायचं काही बाकी ठेवलं नाही. दिव्याचे तास दहाचे सहा केले. तारकी फिकुटली, शेवाळ नाही. आठवड्याला अर्धं पाणी बदललं. गोगलगायी आणल्या, त्यांनी शेवाळ सोडून काच चाटली. बारीक झिंगे आणले, ते चार दिवस शेवाळ खाऊन मेले. तीन दिवस टाकीवर काळं कापड घालून ठेवलं. कापड काढल्यावर शेवाळ पांढरं पडलेलं पाहून ती आनंदानं ओरडली, आणि नवव्या दिवशी ते दुपटीनं हिरवं झालं. औषधाची पिचकारी मारली तर तारकीचीच दोन रोपं दगावली. त्या दिवशी ती न जेवता झोपली.

शेवटी हातानं उपटण्याला पर्याय नाही हे तिला कळून चुकलं. आणि हातानं उपटण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दातांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम दात घडवायची. पांढऱ्या रंगाच्या सव्वीस छटा तिला उघड्या डोळ्यांनी ओळखता येत. तिनं घडवलेला दात तोंडात गेला की डॉक्टरलाही शोधावा लागायचा. तारकीचं पान कुठलं आणि शेवाळाची तार कुठली, हे तिला क्षणात दिसायचं. पण ती सकाळी दोन तास उपटायची आणि शेवाळ उरलेले बावीस तास वाढायचं. या हिशेबात ती हरणार हे उघड होतं.

म्हणून तिनं वेचक घेतला.

वेचक म्हणजे टाकीच्या कडेवरून सरकणारा करंगळीएवढा जाड यांत्रिक हात. टोकाला एक डोळा आणि एक चिमटा, कडेला उपटलेलं टाकायची टोपली. तो आधी मालकाकडून शिकायचा. एकेका पानापाशी थांबून विचारायचा, ठेवू की उपटू? भार्गवी हिरवं बटण दाबायची किंवा लाल. अकरा दिवस ती संध्याकाळी घरी आली की टाकीसमोर बसून बटणं दाबत राहायची. बारीक, ताठ, चांदणीसारखं, टोकाला तांबूस: ठेव. लोंबणारं, गुंतलेलं, गड्डा नसलेलं: उपट. पिवळं पडलेलं, फाटकं पान: उपट. बाराव्या दिवशी वेचकानं विचारणं सोडलं आणि तो आपणहून कामाला लागला. दिवसरात्र, न थकता.

महिन्याभरात टाकी लख्ख झाली.

पुढची चार वर्षं भार्गवीच्या आयुष्यातली समाधानाची होती. तारकी वाढली, आणि नुसती नाही, देखणी वाढली. एकशे त्रेचाळीस रोपं झाली. तिनं अडतीस नव्या पालकांना रोपं दिली, सोबत आपल्या वेचकाची शिकवणही त्यांच्या वेचकात उतरवून दिली. तिच्या फोटोला दरवर्षी आधीपेक्षा जास्त गुण मिळत. बाबांची नजर एव्हाना पुरती गेली होती, तेव्हा ती त्यांना सगळं वर्णन करून सांगायची. बाबा मान डोलवायचे.

एकच गोष्ट तिला खात होती. फूल येत नव्हतं. चार कार्तिक कोरडे गेले. दुसऱ्या कार्तिकानंतर तिनं पालक योजनेच्या केंद्राला पत्र लिहिलं, उत्तर आलं: दिव्याचा काळ दहा तास ठेवा. तिनं ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दानंशब्द. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं फोनच केला आणि पंचवीस मिनिटं गाणं ऐकून ठेवून दिला.

"अरे, माणूस बसवा रे कुणीतरी तिथं!" ती भिंतीला म्हणाली.

माणूस आला तो त्या जानेवारीत. डॉ. रियाज मुकादम, पाणवनस्पती केंद्राचे शास्त्रज्ञ. पन्नाशीचे, सडपातळ, आधी घरभर नजर फिरवून मग बोलणारे. आनंदाची बातमी घेऊन आले होते. कावळटेंबाच्या बंद पडलेल्या चिरेखाणीचा एक कोपरा केंद्राला मिळाला होता. तिथं नवं कुंड खोदून तयार होतं. येत्या रविवारी त्यात तारकी परत लावायची होती, आणि पहिलं रोप सुहास खातूंच्या हातून.

"सर, तुमची खाणीवरची भाषणं मी शाळेत असताना ऐकलीत," डॉक्टर म्हणाले.

बाबा हसले.

डॉक्टर टाकीसमोर वाकले. "वा! फोटोपेक्षा सुंदर आहे हो प्रत्यक्षात. साठ रोपं नेतो. एक पान घेऊ? नोंदीपुरतं."

त्यांनी पानाचा तुकडा खिशातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि डोळा लावला. मग डोळा काढला, काच पुसली, पुन्हा लावला. दुसऱ्या रोपाचं पान घेतलं. मग पार दुसऱ्या टोकाच्या रोपाचं.

"काय झालं? कीड आहे का?" भार्गवीनं विचारलं.

"नाही." डॉक्टर खुर्चीत बसले. "मॅडम, ही तारकी नाहीये."

"म्हणजे?"

"हे शेवाळ आहे."

भार्गवी हसली. मग तिला रागच आला. "डॉक्टर, सहा वर्षं मी या शेवाळाशी झगडतेय. शेवाळ कसं दिसतं ते मला तुम्ही सांगणार?"

"बघा तुम्हीच."

तिनं पाहिलं. पानाला शीर नव्हती, कड नव्हती, हवेचे कप्पे नव्हते. नुसत्या लांबट पेशी, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागं एक जोडलेल्या. शेजारी शेजारी चिकटलेल्या अशा पाचसहा तारा मिळून एक पान झालं होतं. टोकाच्या पेशींत तांबूस रंग भरला होता. शेवाळाची तार ती पूर्वीपासून ओळखत होती. ही तीच होती.

"पण गड्डा आहे! चांदणी आहे!" ती म्हणाली. "शेवाळाला कसं कळलं तारकी कशी दिसते ते?"

"त्याला काहीच कळलं नाही. कळत होतं ते तुम्हाला." डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुमच्याकडे भातशेती होती कधी?"

"बाबांच्या लहानपणी होती," ती म्हणाली.

"मग सरांनी बेणणी केली असेल, वाफ्यातलं तण उपटलं असेल. भातात जे तण येतं त्यातलं एक हुबेहूब भातासारखं दिसतं. बेणणारा फसतो. ते तण मुळात तसं नव्हतं. पण हजारो वर्षं माणूस वाफ्यात उतरला आणि जे भातासारखं दिसत नाही ते उपटत राहिला. जे चुकून थोडंसं भातासारखं दिसलं, ते वाचलं. त्याचं बी पडलं. पुढच्या वर्षी त्यातलंही जे आणखी थोडं सारखं, ते वाचलं. भाताचं रूप तणानं नाही घेतलं, बेणणाऱ्याच्या नजरेनं त्याला ते दिलं. आम्ही याला नजरेची निवड म्हणतो. आणि असं जे उरतं त्याला नजरचोर."

"त्याला हजारो वर्षं लागली म्हणता ना! इथं चार वर्षंच झालीत."

"या शेवाळाच्या दिवसाला चार पिढ्या होतात. चार वर्षांत सहा हजारांच्या आसपास. माणसाच्या हिशेबात दीड लाख वर्षं धरा. त्यात याच्या चुका भरमसाट, म्हणजे निवडायला माल भरपूर. आणि निवडणारा तुमचा वेचक, जो डोळा मिटत नाही. अशी बेणणी पृथ्वीवर कधी झालेली नाही." डॉक्टरांनी टाकीकडे पाहिलं. "त्यातून त्याला शिकवलं कुणी, तर, तुम्हीच मघाशी सांगितलंत तसं, सव्वीस छटा ओळखणाऱ्या बाईनं. ढोबळ नजर असती तर ढोबळ नक्कल झाली असती."

भार्गवीला हे कौतुक विस्तवासारखं लागलं.

"बरं, शेवाळ तारकीसारखं झालं असेल. पण मग तारकी कुठं गेली?"

डॉक्टरांनी वेचकाच्या टोपलीकडे पाहिलं. त्या नजरेतच तिला उत्तर सापडलं. खरं रोप म्हातारं होतं. त्याचं पान पिवळं पडतं, फाटतं, एखादं वाकडं वाढतं. पिवळं, फाटकं: उपट. तिनंच शिकवलं होतं. वेचक एकेक पान ताडून बघत होता आणि त्याला नक्कल अस्सलापेक्षा जास्त अस्सल दिसत होती. चार वर्षं तो टोपलीत टाकत होता ती तारकी होती. आणि ती टोपली रोज सकाळी ती स्वतः कचऱ्यात रिकामी करत होती.

"पण तुमचे फोटो!" ती उसळली. "दरवर्षी तुम्ही पसंत केलेत की! गुण वाढवून दिलेत!"

"चाळीस हजार पालक आणि आम्ही अकरा माणसं. फोटो यंत्र तपासतं. यंत्र शिकतं ते पसंत पडलेल्या फोटोंवरून. तुमची टाकी जशी हळूहळू बदलत गेली तसं तेही बदलत गेलं." डॉक्टरांनी मान खाली घातली. "तुमची पत्रं मी आज सकाळी गाडीत वाचली. वर्षानुवर्षं फूल नाही म्हणजे काय, हे कुठल्याही वनस्पतीवाल्याला पहिल्या ओळीत कळलं असतं. पण वाचणारा कुणी नव्हता."

दोघं कामाला लागले. एकशे त्रेचाळीस रोपं, प्रत्येकाचं एक पान. डॉक्टर बघत आणि मान हलवत. मधेच त्यांनी देवरुखच्या एका पालकांना फोन लावला. त्या बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग बिघडलं कुठं? दिसते तर तारकीच ना? माझ्याकडे पाहुणे बघायला येतात." डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. बाईंनी फोन ठेवला.

दुपारचा एक वाजला. एकशे त्रेचाळीसावं पानही शेवाळाचंच निघालं.

भार्गवी स्वयंपाकघराच्या दारात डॉक्टरांना हलक्या आवाजात म्हणाली, "बाबाला आत्ता काही सांगू नका. थर्मासमधून आणलेल्या त्या तीन रोपांवर तो जगलाय. खाण झाली तेव्हासुद्धा म्हणायचा, तारकी आहे ना, मग आपण हरलो नाही. मी बघते कसं सांगायचं ते."

"कान शाबूत आहेत माझे," बाबा खिडकीपाशी बसूनच म्हणाले. "आणि सांगायचं काही नाहीये. मला ठाऊक आहे."

दोघं वळले.

"तू कामावर गेलीस की दुपारी मी टाकीत हात घालून बसतो. दिसत नाही, तर निदान हाताला लागू दे, म्हणून. तारकीच्या पानाला तीन कडा असतात. बुडापासून टोकाकडे बोट ओढलं की बारीक करकर लागते. हे जे आहे ते ओल्या शिवणीच्या दोऱ्यासारखं सुळकन जातं. दोन वर्षं झाली असतील मला कळून."

भार्गवीला आपला आवाज परका वाटला. "दोन वर्षं?"

"त्याच दिवशी सांगणार होतो. तू दारातून आलीस ती ओरडतच, बाबा, शंभरावं रोप झालं! इतक्या वर्षांनी तुझा आवाज असा ऐकत होतो. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तू मोजून एकशे दोन सांगितलीस."

"आणि मी रोज तुला वर्णन करायचे... आणि तू मान डोलवायचास!"

"तुला बरं वाटायचं."

"बाबा," भार्गवी म्हणाली, आणि तिला पुढचं वाक्य विचारायचं नव्हतं तरी तिनं विचारलं. "तेव्हा खरी किती होती?"

बाबांनी मनाशी बोटं मोजली. "आठ. नऊ असतील."

भार्गवीनं हातातला चिमटा जमिनीवर आपटला. आठ रोपं! तेव्हा सांगितलं असतं तर आठ रोपं आज केंद्रात असती, रविवारी कुंडात गेली असती, कार्तिकात फुलली असती. ज्या माणसानं खाणीसमोर लोळण घेतली होती, त्यानं लेकीचा आवाज ऐकायला आठ रोपं जाऊ दिली. हे प्रेम होतं की काय होतं, आणि असलं तर त्याचं करायचं काय, हे तिला कळेना. ती ओरडली नाही. आत जाऊन पाणी प्यायली आणि परत आली.

"सर," डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुमचा हात अजून तितकाच चालतो?"

बाबांना टाकीपाशी आणून बसवलं. बाही वर सारून त्यांनी हात पाण्यात घातला आणि एकेक रोप बोटांतून ओढत पुढे सरकू लागले. नाही. नाही. हेही नाही. अर्धा तास गेला. मग त्यांचा हात फिल्टरच्या नळीमागे शिरला, जिथं वेचकाचा दांडा वळत नव्हता. तिथं तो थांबला.

"हे बघ काय आहे."

भार्गवीनं विजेरी धरली. नळीमागच्या सांदीत मळकट, पिवळसर, तीनचार वेड्यावाकड्या पानांचं काहीतरी काचेला टेकून उभं होतं. एक पान मध्येच मोडलेलं, दुसऱ्यावर डाग. टाकीभर पसरलेल्या त्या ताठ, तांबूस चांदण्यांपुढे ते कचऱ्यासारखं दिसत होतं. तिनं जमिनीवरचा चिमटा उचलला, पाण्यात घातला आणि त्याच्या बुडाशी नेला.

डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं. "काय करताय?"

ती थबकली. ती ते उपटायला निघाली होती. आपल्याला काय शोधायचंय हे पुरतं माहीत असताना, बापाचं बोट त्यावर टेकलेलं असताना, तिच्या हातानं ते तण ठरवून टाकलं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या पानाला शीर होती, तीन कडा होत्या, हवेचे कप्पे होते. जगातली शेवटची तारकी. डॉक्टरांनी ती गड्ड्यासकट सोडवून बाटलीत घेतली. भार्गवी बाटलीकडे पाहत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला ते रोप कुरूप वाटत होतं, आणि काही केल्या कुरूपच वाटत राहिलं.

"एक करता येईल," डॉक्टर निघताना ती म्हणाली. "पुढं तुम्ही डोळ्यांवर विसंबू नका. बाबांसारखी बोटं असलेली माणसं ठेवा. हातानं चाचपून निवडा."

डॉक्टर दारात थांबले. "मलाही पहिल्यांदा तेच सुचलं. पण मग जे करकर लागतं ते राहील आणि सुळकन जातं ते जाईल. सहा हजार पिढ्यांनी शेवाळाला तीन कडा येतील. सूक्ष्मदर्शकानं निवडलं तर सूक्ष्मदर्शकाला फसवणारं येईल, जरा उशिरानं. तुम्ही जी परीक्षा घ्याल, ती उत्तीर्ण होणारं उरतं, मॅडम. ते खरं असायलाच हवं असं नाही."

रविवारचा कार्यक्रम रद्द झाला. दीड महिन्यानं डॉक्टरांचा फोन आला. रोप जगलं होतं. शेवाळ शिरणार नाही अशा बंद काचेत होतं आणि त्याला बुडाशी एक पिल्लू फुटलं होतं. बाकीची बातमी वाईट होती. अडतीस पालकांपैकी एकतीस जणांनी टाक्या रिकाम्या करायला साफ नकार दिला होता. त्यांनी मिळून केंद्राकडे अर्ज केला होता की आमच्याकडची हीच तारकी मानावी, कारण लोक ओळखतात ती हीच. त्यांच्या बाजूनं फोटो होते. खऱ्या रोपाचा फोटो यंत्राला दाखवला तर ते म्हणालं, ओळख पटत नाही.

भार्गवीनं फोन ठेवला. तिनं वेचक केव्हाच बंद केला होता, पण टाकी रिकामी करणं तिच्याच्यानं झालं नव्हतं.

बाबा जेवून खुर्चीत बसले होते. ताट स्वच्छ होतं. ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"बाबा, खरं सांग. आणखी काय आहे, जे तू मला सांगितलं नाहीस?"

त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "काही नाही गो. मी मजेत आहे."

ती बघत राहिली. आणि तिला एकेक आठवू लागलं. आई गेल्यानंतर पहिल्या वर्षी बाबा संध्याकाळी तिचं नाव घेऊन रडायचे. भार्गवी वैतागून उठून जायची. मग ते रडेनासे झाले. ताटात भात उरला की ती बोलायची. भात उरेनासा झाला. गुडघ्यांचं कण्हणं, रात्रीचा खोकला, डॉक्टरकडे नेशील का म्हणून कामाच्या वेळी केलेले फोन. प्रत्येकाला तिनं एकदा कपाळाला आठी घातली होती आणि ते ते परत कधी दिसलं नव्हतं. दुष्टपणानं नव्हे. दिवसभराच्या कामानं थकून, काळजीनं, कधी नुसत्या घाईनं. पण रोज. किती वर्षं?

बाबांनी दाढी गुळगुळीत केली होती. सदऱ्याची बटणं बरोबर लागलेली होती. ओठांवर हसू होतं, तिला आवडायचं तेवढंच, ना जास्त ना कमी. जो माणूस आता स्वतःला बघू शकत नव्हता, त्यानं तिच्यासाठी हा चेहरा तयार करून ठेवला होता.

"खरंच ना?" तिनं विचारलं.

"खरंच."

तिनं तो चेहरा पुन्हा एकदा नीट पाहिला, तिच्या सव्वीस छटांच्या नजरेनं. त्यात उपटण्यासारखं काहीही नव्हतं.